कुलूप ल्यूव्हेनमधून आलं
"विद्यापीठांत नुसते पेपर निघतात, डेटा सुरक्षेचं खरं काम कंपन्या करतात" असं एक मत ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही. वायफायपासून व्हॉट्सॲपपर्यंत वापरलं जाणारं एईएस हे कूटलेखन (माहिती कुलूपबंद करण्याची रीत) बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठात घडलेल्या दोन संशोधकांचं आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९९७ साली नव्या कूटलेखनासाठी सगळ्या जगाला आवाहन केलं. १५ प्रस्ताव छाननीला उतरले, त्यात आयबीएमचाही होता. २००० साली निवड झाली ती या दोघांच्या प्रस्तावाची.

शिकताना मी चौकटीच्या वहीत एईएसची एक फेरी, म्हणजे माहिती घुसळण्याचा एक टप्पा, हाताने सोडवली होती. १६ बाइट चार बाय चार मांडायचे, बदलायचे, ओळी सरकवायच्या, स्तंभ मिसळायचे, मग त्यांत किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, मिसळायची. अख्खी दुपार गेली! १२८ बिटांच्या किल्लीला अशा १० फेऱ्या लागतात. सगळी रीत जाहीर आहे, गुप्त काय ती किल्ली.