मुलगी अकरावीत आणि ऑर्डर्स जर्मनीच्या: बेसवरच्या हायस्कूलमध्ये घालू की मावशीकडे ठेवू?

रानजाई:
नमस्कार मंडळी. नवरा यूएस आर्मीत आहे, सध्या टेक्सासला असतो, आणि आता जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्नला बदलीच्या ऑर्डर्स आल्यात, तीन वर्षांचं पोस्टिंग, फॅमिलीसकट. धाकटा तिसरीत आहे, तो कुठेही रुळेल. पण मोठी ऑगस्टमध्ये अकरावीत जाणार, कॉलेजच्या दृष्टीने हेच वर्ष महत्त्वाचं आणि तिच्या आधीच बऱ्याच शाळा बदलून झाल्यात. माझी बहीण न्यू जर्सीत असते, ती म्हणतेय दोन वर्षं माझ्याकडे ठेव. नवरा म्हणतो गेलो तर सगळे एकत्र. आणि जिचा प्रश्न आहे ती काहीच बोलत नाहीये, दार लावून बसते. बेसवरच्या (लष्करी तळावरच्या) शाळेत अभ्यास कसा असतो, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय मिळतात का, टेक्सासला पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट धरतात का, तिथून अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज करताना काही अडतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, लवकरच ठरवायचंय.

निशिगंध:
ताई, आम्ही त्याच भागात होतो, माझी दोन्ही मुलं तिथूनच बारावी झाली. अभ्यासाची काळजी तर मनातून काढूनच टाका. या शाळा डोडिया चालवते, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचाच शिक्षण विभाग, 1946 मध्ये युद्धानंतर सैनिकांची कुटुंबं जर्मनीत यायला लागली तेव्हापासून चालू आहेत. शिक्षक सिव्हिलियन असतात, वर्दीतले नाहीत, अभ्यासक्रम पूर्ण अमेरिकन. 2024 च्या नेशन्स रिपोर्ट कार्डमध्ये, म्हणजे देशभर होणाऱ्या सरकारी चाचणीत, चौथी आणि आठवीच्या वाचनात आणि गणितात डोडियाची मुलं सगळ्या राज्यांच्या वर होती. हायस्कूलचे आकडे त्यात नसतात हे खरं, पण हीच मुलं पुढे हायस्कूलला येतात ना.

एपी आहेत, आणि एखादा विषय शाळेत नसेल तर डोडियाच्या व्हर्च्युअल हायस्कूलमधून घेता येतो. एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, तिथेच देता येते. क्रेडिट धरतात, फक्त हायस्कूलच्या डिप्लोमाला 26 लागतात, टेक्सासला साधे 22 आणि एन्डोर्समेंट (एखाद्या शाखेचे जादा विषय) घेतली तर 26, त्यामुळे मुलीचे किती भरतात ते आत्ताच्या काउन्सेलरकडून काढून घ्या आणि ट्रान्सक्रिप्टच्या (गुणपत्रकाच्या) सही-शिक्क्याच्या कॉपी हातात ठेवा. एक गोष्ट विसरू नका, ऑर्डर्सवर तिचं नाव कमांड स्पॉन्सर्ड म्हणून, म्हणजे लष्कराच्या मंजुरीने सोबत येणारी म्हणून, असलं पाहिजे, तरच शाळेत मोफत जागा नक्की मिळते. "आत्ता नको, नंतर बोलावून घेऊ" असं केलंत तर परत सगळे कागद.

आणि तिथे हायस्कूल दोन आहेत, एक रामश्टाइन एअर बेसवर आणि दुसरं फोगेलवेला कायझरस्लाउटर्न हायस्कूल. घर कुठे मिळतं त्यावर शाळा ठरते, म्हणून घर बघताना पहिला प्रश्न शाळेचा विचारा. लष्करी कुटुंबांना शाळेच्या कामात मदत करणारं स्कूल लायझन ऑफिस असतं, त्यांना आत्ताच ईमेल टाका, पोचायची वाट बघू नका.

कोकणकडा:
माझं मत थोडं वेगळं. आम्ही मुलाला बारावीला मागे ठेवलं, पण त्याच गावात, त्याच शाळेत, मित्राच्या घरी. कोर्टात जाऊन गार्डियनशिप घ्यावी लागत नाही, स्पेशल पॉवर ऑफ अटर्नी (मुखत्यारपत्र) पुरते, सैनिकांच्या मुलांसाठी राज्यांचा आपसातला जो कॉम्पॅक्ट, म्हणजे करार, आहे त्यात हे आहे आणि 50 ही राज्यं त्यात आहेत. म्हणजे न्यू जर्सीतही कागदांची अडचण येऊ नये. पण ताई, मावशीकडे ठेवलंत तरी शाळा नवीनच ना? तीही अशी की जिथे बाकीची मुलं केजीपासून एकमेकांना ओळखतात, आणि वर आईबाबा समुद्रापलीकडे. मुलीला तिच्या आत्ताच्या शाळेत ठेवता येत असेल तर विचार करा, नाहीतर मागे ठेवून नक्की काय वाचतंय ते मला कळत नाही.

हायडेलबर्गवाला:
कोकणकडा काकांचा मुद्दा एकदम बरोबर आहे. मी जर्मनीतल्याच हायडेलबर्गच्या बेसवरच्या हायस्कूलचा, ती शाळा आता नाही, आर्मीने हेडक्वार्टर वीसबाडेनला हलवलं आणि 2013 ला शाळाही बंद झाली. मी दहावीत असताना गेलो होतो. पहिल्या दिवशी डबा खायला कुणासोबत बसू हा प्रश्नच आला नाही कारण निम्मी मुलं मागच्या एकदोन वर्षांतच आलेली असतात, नवीन पोराला काय वाटतं ते सगळ्यांना माहीत असतं, कुणीतरी येऊन बसतंच. बाबा डिप्लॉइड (मोहिमेवर) असले आणि तुम्ही वर्गात गप्प असलात तर शिक्षकांना सांगावं लागत नाही.

त्रास दुसऱ्या बाजूने होतो, लोक जातात. लॅब पार्टनर जानेवारीत गेला, सगळ्यात जवळची मैत्रीण उन्हाळ्यात, आणि हे दरवर्षी. मला तेव्हा घरून कुणी विचारलं नाही की कसं वाटतंय, सगळे म्हणायचे सवय होईल. सवय होत नाही हो. तिला विचारत राहा एवढंच सांगेन. आणि निर्णय झाल्यावर कळवू नका, ठरवतानाच सोबत घ्या, दार लावून बसलीये त्याचं कारण तेही असू शकतं.

अजून एक, जर्मनीत 16 व्या वर्षी बियर आणि वाइन कायद्याने मिळते, मुलं ट्रेन-बसने एकटी फिरतात. घाबरायचं नाही, पण जायच्या आधी मोकळं बोला.

निशिगंध:
कॉलेजचं राहिलं. टेक्सासची लीगल रेसिडन्सी (कायदेशीर रहिवास) असेल तर ती सोडू नका, इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, मिळायला कामाला येते, कुठले कागद लागतील ते कॉलेजला आधीच विचारा. मुलगी अमेरिकेत शिकायला गेली आणि तुम्ही अजून तिकडेच असलात तर 23 च्या आतल्या अविवाहित मुलांना वर्षातून एकदा येण्याजाण्याचा प्रवास सरकारी खर्चाने मिळतो. आणि तुमचं पोस्टिंग तीन वर्षांचं आहे म्हणजे अकरावी-बारावी दोन्ही एकाच शाळेत होतील, हे फार मोठं आहे, आमच्याकडे कितीतरी मुलांची बारावी मधेच तुटलेली बघितलीये.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे सगळं तिला वाचून दाखवलं, हायडेलबर्गवाल्यांचं तिने स्वतः फोन घेऊन परत वाचलं. मग पहिल्यांदा प्रश्न विचारला, तिथे टेनिसची टीम आहे का म्हणून. आहे का?

निशिगंध:
आहे! सीझन फॉलमध्ये असतो, ऑगस्टच्या शेवटाला प्रॅक्टिस सुरू होते, मॅचसाठी बसने लांब लांब जातात आणि शेवटी युरोपियन चॅम्पियनशिप. त्यामुळे जमलं तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पोचा, स्पोर्ट्स फिजिकल (खेळासाठीची डॉक्टरी तपासणी) टेक्सासमध्येच करून घ्या, फॉर्म कुठला चालतो ते शाळेला विचारून. आणि तो कागद आणि रॅकेट दोन्ही विमानात सोबत, जहाजाच्या सामानात अजिबात नाही, ते यायला कितीतरी आठवडे लागतात.