कॅमेरा चालू, तरच हजेरी?

इंदूरची_मास्तरीण
नारायण बागेतल्या घरून मी बी.कॉम.चे ऑनलाइन तास घेते. परवा मीटिंगमध्ये ठरलं, कॅमेरा बंद असेल त्याची हजेरी नाही. विरोध करणारी मी एकटीच. माझ्या वर्गात बडवानी-झाबुआकडची मुलं आहेत, घरात फोन एक आणि दिवसाचा डेटा दीड जीबी. एक मुलगी स्वयंपाक करताना कानात इअरफोन घालून तास ऐकते. तिनं कॅमेऱ्यावर काय दाखवायचं, फोडणी? 'अडचण असेल त्यानं अर्ज करावा' म्हणे. म्हणजे दर विषयाच्या सरांपुढे घरची गरिबी नव्यानं मांडायची! त्यापेक्षा न मागताच सगळ्यांना द्या ना: तासाचं रेकॉर्डिंग, नुसता ऑडिओसुद्धा, असाइनमेंटला दोन दिवस जास्त.

राजवाडा_रिटायर्ड
ताई, दोन दिवस जास्त दिलेत तर मुलं तिसऱ्या दिवशी जागी होतील. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मीही काळ्या चौकोनांना शिकवलंय. एकदा तास संपवून 'निघा आता' म्हटलं, तरी अकरा नावं हलेनात. झोपलेली! चेहरा दिसला नाही तर कुणाला कळलं नाही हे मला कसं कळणार?

इंदूरची_मास्तरीण
काका, वर्गात डोळे उघडे ठेवून झोपणारे आपण काय कमी पाहिले? मी शेवटी एक प्रश्न टाकते, उत्तर एका ओळीत, रात्रीपर्यंत कधीही. तीच हजेरी.

कानाने_वाचतो
मला दिसत नाही. एम.ए. करतोय. कॅमेरा लावला तर बहुधा छताचा पंखा दिसतो, तो विषय माझ्यापुरता संपला. माझं दुखणं नोट्सचं. वहीचे फोटो काढून पीडीएफ केली, तर ते नुसतं चित्र. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं मला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं अक्षरही आपणहून वाचत नाही. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं त्याहून भारी. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी कीबोर्डची अक्षरं आणि चिन्हं, माझ्या कानात नुसती बाराखडीची भेळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. जागा मिळाली हो. नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी देवनागरीच साठवलेल्या, कधी मिळणार?

अतिथी_विद्वान
मी अतिथी विद्वान, म्हणजे कॉलेजात तात्पुरता बोलावलेला शिक्षक. सगळं पटतंय, पण करणार कोण? एका तासाची सबटायटल तपासायला माझे तीन तास जातात. मशीननं परवा 'मोलॅरिटी'चं 'मोहल्ला' केलं. आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल तर स्पष्टच सांगतो भिया, भीती वाटते. माझे तास एकदा साठवले की पुढच्या वर्षी मला बोलावतील कशाला? कायम नोकरीत बसून दयाळू होणं सोपं असतं.

इंदूरची_मास्तरीण
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कायम आहे, तुमचं बोलणं लागलं. सत्र संपल्यावर रेकॉर्डिंग पुसायचं, असं लेखी मागता येईल? आणि सबटायटल तपासायचे तास कामात धरा, हेही त्याच अर्जात. सही मी करते.

अतिथी_विद्वान
लेखी मिळालं तर मी तयार. तोंडी आश्वासनं माझ्याकडे भरपूर आहेत.

राजवाडा_रिटायर्ड
कॅमेऱ्याबद्दल माझं मत तेच आहे. पण माझ्या सगळ्या नोट्स कृतिदेवमध्येच आहेत आणि मुलं अजून त्या एकमेकांना पाठवतात. बदलता येतात का?

कानाने_वाचतो
येतात सर, कन्व्हर्टर फुकट मिळतो. जोडाक्षरं मात्र कुठे कुठे बिघडतात. पहिला धडा पाठवा, मी ऐकून सांगतो कुठे अडखळतंय ते.