मदत हवी आहे: शाळेचं नेटवर्क घरून सुरक्षितपणे कसं हाताळावं?

नमस्कार मंडळी,

पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो, संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. कक्षात वीस पीसी, २४ पोर्टचा स्विच आणि फायबरचा राउटर. त्याच स्विचमधून एक केबल कार्यालयात गेली आहे. तिथल्या पीसीवर जनरल रजिस्टरच्या नोंदी, निकालपत्रकं, दाखल्यांच्या फायली. मुलांचे आणि कार्यालयाचे सगळे पीसी १९२.१६८.१ च्या एकाच आयपी मालिकेत, म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये आहेत.

पावसाळ्यात रस्ता बंद झाला की लिपिक आणि मी दोघंही घरी अडकतो. नेमक्या त्याच दिवसांत अकरावीचे प्रवेश चालू असतात, पालक गावातून फोन करतात की दाखल्यावरची जन्मतारीख तपासून द्या. कक्षाचंही तेच. काही बिघडलं की कराडहून माणूस येईपर्यंत मुलांचा तास बुडतो, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा एखाद्या सेटिंगची निघते. घरून पीसी उघडता आला तर हे सगळं वाचेल.

एका तंत्रज्ञाने सुचवलं की राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा) बाहेरून उघडा, काम होईल. मुख्याध्यापिका बाईंना ते पटत नाही, कारण त्या पीसीवर मुलांचे आधार क्रमांक आहेत. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. शिवाय राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.८० ने सुरू होणारा दिसतो, आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच. हे काय आहे? सुरक्षित मार्ग कोणता?

प्रतिसाद:
सर, कंपनीने एकाच पब्लिक आयपीमागे बरेच ग्राहक बसवलेत, याला सीजीनॅट म्हणतात. त्यामुळे पोर्ट उघडलात तरी बाहेरून कोणी तुमच्या राउटरपर्यंत पोचणार नाही. स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पब्लिक पत्ता) विकत घेऊन मात्र ते करू नका. ३३८९ उघडा दिसला की बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत बसतात. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरायची ती नेहमीची वाट आहे.

टेलस्केल बघा, दूरचे पीसी एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं ते सॉफ्टवेअर आहे. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं. शाळेचा पीसी आणि तुमचा लॅपटॉप दोघंही आतून बाहेर जोडणी करतात, म्हणून राउटरला हात लावावा लागत नाही आणि सीजीनॅटही आड येत नाही. त्यावरून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप वापरा. फक्त होम आवृत्ती बाहेरून अशी उघडता येत नाही, प्रो लागते. होम असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप. खात्याला टू-स्टेप लॉगिन लावाच.

प्रतिसाद:
त्याआधी कार्यालय कक्षाच्या नेटवर्कमधून वेगळं काढा. कक्षात कोणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला तर आज तो थेट कार्यालयाच्या शेअर फोल्डरपर्यंत जाऊ शकतो. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) असेल तर दोन व्हीलॅन करा, म्हणजे एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्क.

दुसरं, वीज. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर आपोआप सुरू' ही सेटिंग चालू करा. नाहीतर लाइट गेली की पीसी बंद, आणि तुम्ही घरी बसून काहीच करू शकणार नाही. राउटर आणि स्विचही यूपीएसवर घ्या, बरेच जण फक्त पीसीच जोडतात. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेही तपासा. कक्षासाठी वेयॉन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळे स्क्रीन तुमच्या टेबलावरून दिसतात.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. स्विच साधाच आहे, नवा घ्यायला यंदा निधी नाही. जुना राउटर पडून आहे. तो मध्ये लावला तर टेलस्केल चालेल का?

प्रतिसाद:
चालेल. तो कार्यालयाच्या बाजूला लावा. स्विचकडून येणारी केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये घाला आणि आतल्या बाजूला १९२.१६८.२ ची मालिका द्या. मग कक्षातून कार्यालयाचा पीसी दिसणार नाही, कार्यालयातून कक्षातला प्रिंटर मात्र आयपी टाकून वापरता येईल. आधी राउटर रीसेट करून फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला.