मदत हवी आहे: इंग्लंडमधलं घर, जॉइंट टेनन्सी आणि मृत्युपत्र

धागाकर्ती: नमस्कार मंडळी. लेस्टरमधलं घर दोघा भावांच्या नावावर आहे. खरेदीच्या टीआर१ फॉर्मवर (मालकी नावावर करून देण्याचा फॉर्म) दहाव्या चौकटीत 'जॉइंट टेनन्ट्स'वर खूण आहे. थोरल्याला आपला अर्धा हिस्सा मृत्युपत्राने मुलीला द्यायचाय. चालेल का? धाकटा कशावरही सही करायला तयार नाही.

प्रतिसाद १: नाही चालणार. जॉइंट टेनन्सीत कुणाचा वेगळा हिस्साच नसतो, दोघे मिळून अख्ख्या घराचे मालक. एक गेला की उरलेला आपोआप एकटा मालक होतो. याला सर्व्हायव्हरशिप म्हणतात. मृत्युपत्राची वेळच येत नाही. टेनन्सी इन कॉमन या सहमालकीच्या दुसऱ्या प्रकारात मात्र हिस्से ठरलेले असतात, कमीजास्तही असू शकतात, आणि ते वारसाकडे जातात.

पहिल्यातून दुसऱ्यात जाणं म्हणजे सेव्हरन्स. ते हयातीतच करावं लागतं, मृत्युपत्रात लिहून होत नाही. धाकट्याच्या सहीची गरज नाही: लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट १९२५, कलम ३६(२) प्रमाणे लेखी नोटीस पुरते. (हे इंग्लंड-वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.)

प्रतिसाद २: नोटिशीत घराचा पत्ता, टायटल नंबर (घराचा नोंदणी क्रमांक), तारीख, सही आणि 'या नोटिशीने जॉइंट टेनन्सी आत्ता संपवत आहे' एवढं स्पष्ट हवं. 'पुढेमागे वाटणी करू' असल्या भाषेच्या नोटिशी टिकत नाहीत. हॅरिस विरुद्ध गॉडार्ड (१९८३) खटल्यात हाच मुद्दा होता: हेतू तत्काळ वेगळं होण्याचा दिसला पाहिजे.

नोटीस धाकट्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पोचली की झालं, त्याने वाचली नाही तरी. किंच विरुद्ध बुलार्ड (१९९८) मध्ये बायकोने पाठवलेली नोटीस घरी येऊन पडली, तोवर नवरा आजारी पडला होता, म्हणून तिनेच ती फाडून टाकली. तरी सेव्हरन्स झालंच! तेव्हा पाठवण्याआधी विचार करा. रेकॉर्डेड डिलिव्हरीने पाठवा, पावती आणि नोटिशीची प्रत जपून ठेवा.

मग लँड रजिस्ट्रीकडे (घर-जमिनीची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) एसईव्ही फॉर्म, म्हणजे सेव्हरन्स नोंदवायचा अर्ज, सोबत नोटिशीची प्रत आणि ती बजावल्याचा पुरावा. फी नाही. रजिस्टरवर 'फॉर्म ए' निर्बंध चढतो, म्हणजे एकट्या मालकाला विक्री नोंदवण्यापासून अडवणारी नोंद.

धागाकर्ती: दोघांचे आभार. थोरल्याने ७० टक्के पैसे घातलेत. मग हिस्सा ७० टक्के मिळेल ना?

प्रतिसाद १: नाही, निम्मा-निम्मा. टीआर१ वर जॉइंट टेनन्सी स्वतःच जाहीर केलेली असेल तर सेव्हरन्सनंतर समान हिस्से. गुडमन विरुद्ध गॅलंट (१९८६) चा निकाल हेच सांगतो. आपल्याकडे ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट १८८२ चं कलम ४५ वेगळा करार नसेल तर घातलेल्या पैशांच्या प्रमाणात हिस्से धरतं, म्हणून हा घोळ होतो. ७०-३० हवं असेल तर दोघांनी मिळून ट्रस्ट डीड (कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा दस्त) करावी लागेल, म्हणजे धाकट्याची सही आलीच.

प्रतिसाद २: एक राहिलं. सेव्हरन्सने फक्त लाभाचा हक्क, म्हणजे घराच्या किमतीतला वाटा, विभागला जातो. रजिस्टरवरची कायदेशीर मालकी दोघांची जॉइंटच राहते. थोरला गेल्यावर तिथे एकटा धाकटा उरेल. फॉर्म ए असेल तर त्याला एकट्याने घर विकून ती विक्री नोंदवता येत नाही, दुसरा ट्रस्टी (कायदेशीर मालकी सांभाळणारा) नेमावा लागतो. मुलीच्या पैशाला खरं संरक्षण तिथे आहे, म्हणून एसईव्ही टाळू नका. आणि मृत्युपत्र वेगळं करावंच लागेल. ते नसेल तर हिस्सा तिथल्या वारसाहक्काच्या नियमांनी जाईल.