बातम्यांची मराठी, विनोदाची मराठी : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मागच्या महिन्यात ऑफिसात घडलेली गोष्ट. मी मूळचा अकोल्याचा, पुण्यात येऊन अकरा वर्षं झाली. सर्व्हर बंद पडला होता, ग्राहक फोनवर ओरडत होता आणि मी तणावात बोलून गेलो, "मी तेच तर पाहून राहिलो ना!" चारपाच जण खो खो हसले. एकजण म्हणाला, "अजून बोल ना, सेम त्या कॉमेडी शोसारखं वाटतं." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला घरी जाताना बसमध्ये सुचलं की या माणसाने वऱ्हाडी आयुष्यात फक्त टीव्हीवरच्या स्किटमध्येच ऐकली आहे. तिथे 'मले-तुले' म्हटलं की मागून हशा वाजवतात. मग माझ्या तोंडून ती आली की त्याला हसू येणारच, विषय सर्व्हरचा असो की मयतीचा.

आमच्या गुरुजींनी मला कधी 'अशुद्ध बोलतोस' म्हटलेलं आठवत नाही, ते स्वतःच 'करून राहिलो' म्हणायचे. माझ्या बोलण्यात काहीतरी गमतीशीर आहे हे मला टीव्हीने सांगितलं. म्हणून हा धागा. तुमच्या भाषेबद्दल, किंवा दुसऱ्याच्या भाषेबद्दल, एखादं मत तुमच्या डोक्यात रेडिओ, टीव्ही, पेपर, सिनेमा, मोबाइल यांपैकी कोणी घातलं? प्रसंग सांगा. मराठी जगेल की मरेल यावर इथे नको, त्याचे धागे भरपूर आहेत.

– वऱ्हाडी मिरची

सातारकरीण :
मी साठी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका. माझी शाळा म्हणजे रेडिओ. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणे बातम्या द्यायच्या तेव्हा मी चुलीपुढे बसून त्यांच्या मागोमाग पुटपुटायचे. आमच्याकडे सगळे 'पानी', 'लोनी', 'आनि' म्हणायचे. 'ण' जिभेला वळावा म्हणून मी हौदावर एकटी बसून 'पाणी, आणि, कोणी' घोकलेलं आहे. त्याच्या जोरावर डी.एड.च्या वर्गात मला कोणी गावंढळ म्हटलं नाही, नोकरी लागली. त्यामुळे प्रमाणभाषेला शिव्या घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती माझी शिडी होती.

पण एक लिहिते, आजवर कुणाला सांगितलं नाही. नोकरी लागल्यावर मी आईला सुधारायला लागले. "आई, पानी नव्हे, पाणी." ती हसून सोडून द्यायची. नंतर माझ्या शाळेतल्या बाई घरी आल्या की ती चहा ठेवायची आणि आतच बसायची. मला वाटायचं, लाजते. ती गेल्यावर धाकटी बहीण म्हणाली, "तुझ्या लोकांसमोर बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं."

परभणी एक्सप्रेस :
प्रदीप भिडे दूरदर्शनवर बातम्या द्यायचे, आणि आम्ही भावंडं 'प्रदीप भिडे' खेळायचो! पाटावर बसायचं, हातात वहीची पानं, मान खाली-वर, "नमस्कार, आजच्या ठळक बातम्या." गंमत अशी की बातम्या आम्ही बनवायचो गल्लीतल्या, कुणाची शेळी सुटली वगैरे, पण सांगताना कुणीही आपल्या भाषेत सांगत नसे. शेळीसुद्धा 'फरार' असायची.

दशावतारी :
मालवणीबद्दल लिहायलाच हवं. वडील लालबागला गिरणीत होते. चाळीत मालवणी, गिरणीतल्या खात्यात मालवणी, पण बँकेत किंवा शाळेत गेले की मुद्दाम जड मराठी. १९८० साली 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक आलं आणि चित्र पालटलं. गवाणकरांचं लेखन, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच. पांढरपेशे लोक तिकीट काढून मालवणी ऐकायला येतात हे वडिलांना खरंच वाटेना. त्यांनी ते नाटक अकरा वेळा पाहिलं. त्यानंतर ते बँकेतही मालवणीत बोलायला लागले, आणि कॅशियर खूश!

आता दुसरी बाजू. मी कॉलेजात गेलो तेव्हा मालवणीचा भाव वधारलेला होता, पण तो हसण्याचा भाव. गॅदरिंगला "तू मालवणी आहेस ना, मग शिव्या दे." आजोबा वारले तेव्हा मी फोनवर काकांशी रडत बोलत होतो आणि रूममेटला हसू आवरेना. नंतर त्याने माफी मागितली, म्हणाला, "तसं ऐकायची सवय नाही रे."

म्हणून २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही टीव्ही मालिका सुरू झाली तेव्हा मी आशेने पाहिली. मालवणीत भीती, इस्टेटीची भांडणं, संशय! गावाकडे बरेच जण चिडले, कोकण म्हणजे भुतंखेतं आणि देवस्कीच का म्हणून. तेही खरं. मावशीचं तिसरंच. "ह्येंची मालवणी म्हणजे पाणी घातलेला दूध." पण रोज बघायची.

वऱ्हाडी मिरची (धागाकर्ता) :
@दशावतारी, रूममेटची गोष्ट वाचून थांबलो थोडा वेळ.

खडू-फळा :
प्रतिसाद वाचतोय. पण राज्याच्या बातम्यांना एक समान भाषा नको का? चंद्रपूरच्या माणसाला वेंगुर्ल्याची बातमी कळायची कशी? बोलीत बातम्या द्या म्हणणं सोपं आहे.

मधलं स्टेशन :
@खडू-फळा, बातम्या बोलीत द्या असं कोणी म्हणत नाही. नोकरीच्या दारात काय होतं ते सांगतो. एका खाजगी एफएमवर आरजेची ऑडिशन दिली होती. आवाज आवडला. पण 'ण' आणि 'श' माझे हमखास घसरतात. त्या बाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "सकाळच्या शोला हे नाही चालणार. पण गावाकडचा एक कॅरेक्टर हवाय, प्रँक कॉल करणारा. ते करशील?" केलं. दोन वर्षं. तोच आवाज, तोच माणूस, गावाकडचा म्हणून चालला, सूत्रधार म्हणून नाही. पैसे वेळेवर मिळाले, तक्रार नाही. वाईट एवढंच की दुसऱ्या वर्षी मी गरजेपेक्षा जास्त गावठी बोलायला लागलो होतो. आमच्या गावात कुणीही तसं बोलत नाही.

ठाणे लोकल :
एफएमचा विषय निघालाच आहे तर, मुंबईत एक काळ असा होता की खाजगी एफएमवर मराठी गाणं लागतच नसे. मराठी लावलं की स्टेशन 'डाउनमार्केट' वाटतं असं कारण दिलं जाई. त्याच उद्वेगातून संगीतकार कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या कवितेला चाल लावून २०१० मध्ये मराठी अभिमानगीत केलं. ते झालं मोठं काम. माझं छोटं. मी तेव्हा रिक्षात बसलो की हिंदीत बोलायचो, रिक्षावाला सातारचा असला तरी. का, ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शहराचा आवाज हिंदी आहे असं कानाने ठरवलं होतं.

कॉपीवाली :
मी जाहिरातींचे आणि डबिंगचे अनुवाद करते, चौदा वर्षं झाली. लोक आम्हाला शिव्या घालतात, त्या मान्य. पण आतून हे कसं होतं ते ऐका.

मूळ कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, हिंदीत किंवा इंग्रजीत येते, संध्याकाळी सहाला. मराठी उद्या सकाळी दहाला हवी. वीस सेकंदांची फिल्म, ओठ आधीच हललेले असतात, त्यामुळे शब्द त्या मापात बसले पाहिजेत. त्याहून मोठी अडचण मंजुरीची. मंजुरी देणाऱ्याला मराठी येत नसतं. तो हिंदीशेजारी मराठी ठेवून शब्द जुळवतो. 'अंगाला तुकतुकी येईल' लिहिलं तर फोन येतो, "ये क्या लिखा है?" 'द्या आपल्या त्वचेला नवी चमक' लिहिलं की एका मिनिटात पास. आपण मराठीत 'द्या' ने वाक्य सुरू करून असं कोणी बोलतो का? पण ते दिवसातून चाळीस वेळा कानावर पडतं.

मालिकांच्या संवादांचंही तेच. 'मला मदत कर' चं 'माझी मदत कर' झालं. 'मला हे जमणार नाही' चं 'मी हे नाही करू शकत' झालं. हे मी स्वतः लिहिलेलं आहे, कारण ओठ तसे हलत होते. परवा माझी मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, माझी मदत कर ना!" मी तिला टोकणार होते. मग गप्प बसले. रॉयल्टी मागायला हवी होती खरं तर.

मांडवी :
गोव्याहून लिहितो. आमच्याकडे पेपरांनी भाषेवरून घर फोडलं होतं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा. आजोबा 'गोमन्तक' वाचायचे, विलीनीकरणाच्या बाजूचे. त्यांच्या लेखी कोंकणी ही घरात बोलायची बोली आणि मराठी ही भाषा, कारण पोथी मराठी, भजन मराठी, नाटक मराठी, पेपर मराठी. काका 'राष्ट्रमत' वाचायचे. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' सदर लिहायचे, विलीनीकरणावर तुटून पडणारं. आता यातली मेख बघा. कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे, तिचं वेगळं घर आहे, हे काकांना पटवून दिलं ते एका मराठी दैनिकाने, मराठीतून! कारण हिंदू गोंयकार वाचायचा मराठीच. दोघे एकाच ओसरीवर बसून दोन पेपर वाचायचे आणि भांडायचे मात्र कोंकणीत.

कौल ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे १९८७ साली राजभाषा कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली. काकांनी हौसेने कोंकणी वर्तमानपत्र लावलं. दोन महिन्यांनी बंद केलं, म्हणे वाचताना डोळे अडखळतात. शेवटपर्यंत मराठीच वाचत होते.

कान्हदेशी :
आमच्या खानदेशातल्या अहिराणीचं उलटं झालं. पेपरांनी कायम 'बोलीभाषा' म्हणून कोपऱ्यात बसवलं, आणि २०११ च्या जनगणनेने 'खानदेशी' अशी वेगळी भाषा म्हणून सुमारे १८ लाख ६० हजार माणसं मोजली. नाशिकला हॉस्टेलवर "कथा चालना?" (कुठे चाललास?) असं घरच्यांशी बोलायचो तर बाहेर गॅलरीत जाऊन. आता यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना लाखोंनी बघणारे आहेत, लग्नात डीजे तीच लावतो, नाशिकची पोरंही नाचतात. माझा पुतण्या गॅलरीत जात नाही. पण त्याला अहिराणीत दोन गोष्टी येतात, गाणं आणि कॉमेडी. आजीशी बोलताना तो मराठीतच बोलतो.

चारकोपची चहावाली :
मी ताजा प्रसंग सांगते. २०२५ मध्ये एप्रिलला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर मागे घेतला. मधल्या काळात चॅनेलवर रोज आरडाओरडा, आणि मोबाइलवर मारहाणीचे, 'मराठीत बोल' चे व्हिडिओ. घरात एकच व्हिडिओ सहा ग्रुपमधून सहा वेळा.

आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाले भैया आहेत, अठरा-वीस वर्षांपासून. कोथिंबीर, मेथी, पडवळ, सगळी नावं मराठीत घेतात. बाकी आमचं बोलणं हिंदीतून. खरं सांगायचं तर हिंदी मीच सुरू केली होती, त्यांना माझ्या मराठीची काही अडचण नव्हती. जुलैमध्ये एकदा भाजी घेतली, पैसे द्यायला कोड स्कॅन करावा म्हणून फोन वर धरला. तर ते एकदम ताठ उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "ताई, मला मराठी येते. व्हिडिओ नाय ना काढत?"

मी म्हटलं, "नहीं भैया, पैसे दे रही हूँ." आणि घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही की मी उत्तर हिंदीत दिलं.