निर्यात वाढली म्हणतात, मग आमचं सोयाबीन हमीभावाच्या खाली का?

मोंढ्यातला मुनीम (लातूर) · 16 सप्टेंबर 2025

नमस्कार मंडळी. मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. गाव औसा तालुक्यात, घरी सात एकर सोयाबीन. काल बातमी आली की ऑगस्टमध्ये देशाची मालाची निर्यात साडेसहा टक्क्यांच्या वर वाढली आणि 35 अब्ज डॉलरला पोचली. आज सकाळी मी पट्टी (विक्रीची पावती) लिहिली ती क्विंटलला 4,300 ची. यंदाचा हमीभाव 5,328. शेतकरी पट्टी हातात धरून विचारायलेत, "बाहेर माल चाललाय म्हणे, मग आमचंच का पडलंय?" मला उत्तर देता येत नाही. मान खाली घालून पुढची पट्टी लिहितो.

2021 च्या ऑगस्टमध्ये याच मोंढ्यात दहा हजारांवरचे भाव मी याच हातानं लिहिलेत. तवा निर्यात जोरात होती का? आणि हा आकडा वाचायचा कसा, त्यात आमचं सोयाबीन असतं तरी कुठं? कुणी जाणकारानं सांगावं, उद्या लोकांना सांगायचंय.

वाळूजची ताई

दादा, मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते, सतरा वर्षं झाली. आम्ही पंपांना लागणारी रबरी सील बनवतो. तुम्ही वाचला तो आकडा माझ्यासारखीच्या टेबलावर सुरू होतो. मी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट करते, आमचा सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) कस्टम्सच्या आइसगेट या वेबसाईटवर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा अर्ज, भरतो, न्हावा शेव्याला कस्टम्सची मंजुरी मिळते आणि माल जहाजावर चढतो. देशभरातली अशी बिलं कोलकात्याच्या सरकारी कार्यालयात एकत्र होतात आणि महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास वाणिज्य मंत्रालय बेरीज जाहीर करतं. प्रत्येक बिलावर मालाचा एचएस कोड, म्हणजे कुठला माल आहे ते सांगणारा जगभर चालणारा नंबर, असतो. तुमच्या सोयापेंडीचा (सोयाबीनचं तेल काढल्यावर उरते ती) 2304, हळदीचा 091030. 2020 पासून मूळ जिल्हाही लिहावा लागतो.

एका महिन्याच्या वाढीवर मी कधीच विसंबत नाही. यंदा जुलैत आमच्या अमेरिकेच्या गिऱ्हाइकानं दोन महिन्यांचा माल आधीच मागवून घेतला, कारण ऑगस्टपासून तिकडं आयातशुल्क वाढणार होतं. आम्ही तीन आठवडे रात्रपाळी चालवली. 7 ऑगस्टला 25 टक्के लागलं, 27 ला 50 झालं. त्या पंधरवड्यात माझ्या टेबलावर अमेरिकेचं एकही बिल आलं नाही. म्हणजे आमच्या कारखान्याची जुलैतली वाढ ही पुढच्या महिन्यांकडून घेतलेली उचल होती. अमेरिका आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, 2024-25 मध्ये साडेशहाऐंशी अब्ज डॉलरचा माल तिकडं गेला. त्यामुळं हे फक्त आमच्यापुरतं राहणार नाही.

दुसरं, आकडा रुपयात सांगतायत की डॉलरात हे आधी बघा. 2013-14 ला निर्यात 314 अब्ज डॉलर होती, रुपयात 19 लाख कोटी. 2024-25 ला 437 अब्ज, रुपयात जवळपास 37 लाख कोटी. रुपयात पाहिलं तर दुपटीला पोचली. डॉलरात अकरा वर्षांत चाळीस टक्केही नाही. मधला फरक रुपया घसरल्याचा आहे.

आणि ती वाट सरळही नाही. 2015-16 ला 262 पर्यंत खाली आलो, कोरोनाच्या वर्षी 292, मग दोन वर्षांत एकदम 451. तेव्हा युक्रेन युद्धानं तेलाचे भाव चढले होते, आपण स्वस्त रशियन तेल घेऊन डिझेल विकत होतो. त्यानंतर 2023-24 ला 437 आणि 2024-25 लाही 437. वरून बघणारा म्हणेल काहीच हललं नाही. पण पोटात सगळं बदललं! शेवटच्या एका वर्षात पेट्रोलियमचा माल 84 अब्जांवरून 63 वर आला आणि इलेक्ट्रॉनिक्स 29 वरून साडेअडतीसवर गेलं, त्यात मोबाईल फोन सगळ्यात मोठे. फोनची पूर्ण किंमत निर्यातीत धरली जाते, पण आतले बरेच भाग आयात केलेले असतात, हेही विसरू नका.

म्हणून तुमच्या शेतकऱ्यांना सांगा की त्या 35 अब्जांमध्ये फोन आहेत, डिझेल आहे, औषधं आहेत, वाळूजच्या दुचाक्याही आहेत. त्यावरून मोंढ्यातला भाव कळणार नाही. 2304 चा आकडा वेगळा काढून बघावा लागेल. वाणिज्य मंत्रालयाच्या साईटवर कोड टाकला की देशवार मिळतो, फुकट आहे.

पेंडवाला (लातूर)

मुनीमजी, मी प्लांटवर आहे. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर अठरा किलोच्या आसपास तेल निघतं, बाकी बहुतेक डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. म्हणून सोयाबीनचा भाव बराचसा पेंड ठरवते. आपली पेंड जीएम (जनुकं बदललेल्या बियाण्याची) नसलेली, युरोपात तिला मान आहे, पण बाकी जग भाव बघतं. ब्राझील-अर्जेंटिनाकडं पीक भरपूर आलं की आपली पेंड महाग दिसते. इथं देशातही इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा चोथा, डीडीजीएस, स्वस्तात यायला लागलाय, पोल्ट्रीवाले तो वापरतात. तेलाची बाजूही पडली, 30 मे ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 चं 10 टक्के केलं.

2021 चं तुम्ही विचारलंत. तेव्हा निर्यात जोरात नव्हती, उलट आपली पेंड इतकी महाग झाली की बाहेर कुणी घेईना. भाव चढला तो देशातच माल नव्हता म्हणून. पोल्ट्रीवाले अडचणीत आले आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं 12 लाख टन जीएम पेंड आयात करायला परवानगी दिली. त्यानंतर भाव कसा कोसळला हे तुमच्या वहीत असेलच. तेव्हा निर्यात वाढली म्हणजे भाव वाढला असं धरू नका. कधी कधी भाव पडतो म्हणून निर्यात जमते.

हळदकरी वसमत

ताईंचं पटलं. एक भर घालतो, टन आणि पैसे दोन्ही बघा. हळद 2022-23 ला 1.53 लाख टन गेली, 20.7 कोटी डॉलरची. 2023-24 ला 1.62 लाख टन, 22.6 कोटी डॉलर. बातमी आली "नऊ टक्के वाढ". भागून बघितलं तर किलोला 1.35 डॉलरचे 1.40 झाले, पाच सेंट. बाकीची वाढ जास्त पोती गेल्याची. शिजवणी, वाळवण, पॉलिश, कांडी-बंडा वेगळा करण्याची मजुरी त्या पाच सेंटांपेक्षा जास्त वाढली माझी.

मुनीमजी, तुम्हीही हे करून बघा, डॉलरला टनांनी भागायचं. बातमी लगेच समजते.

मोंढ्यातला मुनीम (लातूर) · 18 सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जुनी वही काढली. पेंडवाल्या भाऊंचं खरंय, 2021 चा ऑगस्ट संपता संपता पानावरचे आकडे रोज उतरत गेलेत आणि मला ते आठवतच नव्हतं. दहा हजार तेवढा ध्यानात राहिला होता.

2304 टाकून भागाकारही केला, पोरीला शेजारी बसवून. सकाळी वडिलांना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, आडतीच्या फळ्यावर नुसता सोयाबीनचा भाव लिहितोस, त्याच्याखाली पेंडीचा पण लिहीत जा की. आजपासून लिहायलोय. पेंडवाले भाऊ, रोज सकाळी साडेनऊच्या आत डीओसीचा भाव तुमच्याकडून फोनवर मिळेल का? दहाला सौदे सुरू होतात.