‘मलोका’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

ॲमेझॉनच्या वायव्य अरण्यातील तुकानो लोकांविषयीचा एक लेख मराठीत आणताना ‘मलोका’ या शब्दापाशी माझे काम अडले आहे. मूळ लेखात त्याचा उल्लेख कधी सामाईक घर म्हणून येतो, तर कधी समारंभाची वास्तू म्हणून. एका सहकाऱ्याने ‘घोटुल’ सुचवले आणि दुसऱ्याने ‘समाजमंदिर’. दोन्ही शब्द वाचकाला चटकन कळतील, परंतु मन मानत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

आपले मन मानत नाही ते योग्यच आहे. हे दोन्ही शब्द टाळावेत.

‘समाजमंदिर’ म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे निधीतून बांधलेली, दर्शनी भिंतीवर नाव रंगवलेली, लग्नकार्यापुरती आणि सभेपुरती उघडणारी आणि एरवी कुलूप असलेली इमारत उभी राहते. तेथे कोणी झोपत नाही, कोणाची चूल पेटत नाही. मलोका मात्र मुळात राहते घर आहे. कोलंबिया आणि ब्राझील यांच्या सीमेवर, वाउपेस आणि पिरा-पराना या नद्यांच्या काठी राहणाऱ्या बारासाना, देसाना, माकुना आणि तुकानो या लोकांत पूर्वी एक मलोका म्हणजेच एक वस्ती असे. भाऊभाऊ, त्यांच्या बायका आणि मुले ताडवर्गीय झाडांच्या पानांनी शाकारलेल्या एकाच प्रचंड छपराखाली राहत. पुढचे दार नदीच्या बाजूला, पुरुषांचे आणि पाहुण्यांचे. मागचे दार स्त्रियांचे. कसाव्याचे कंद किसणे, पिळणे आणि त्यांच्या भाकरी भाजणे हे काम मागच्या अंगाला चाले. कुटुंबांचे आडोसे मागच्या भागात, दोन्ही कडांना असत, आणि मधली जमीन मोकळी राही. संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत पुरुष बुटक्या बाकांवर बसून कोकाच्या पानांची पूड तोंडात धरत, तंबाखू ओढत आणि पूर्वजांच्या कथा सांगत. मेलेल्या माणसालाही त्याच घराच्या जमिनीत पुरत असत.

सणाच्या रात्री हीच मधली जागा नाचाची होते. दुसऱ्या मलोक्यांतून पाहुणे येतात, भाजून धुरावलेले मासे किंवा रानफळे यांची भेट आणतात (या देवघेवीच्या समारंभाला ‘दाबुकुरी’ म्हणतात) आणि पिसांचे मुकुट घातलेले पुरुष पहाटेपर्यंत नाचतात. त्या वेळी छप्पर हे आकाश, खांब हे डोंगर आणि जमीन ही पृथ्वी मानली जाते. समारंभासाठी वेगळी वास्तू लागत नाही, कारण घरच तेवढ्या काळापुरते विश्व होते.

भाषेच्या अंगाने मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ‘मलोका’ हा शब्द त्या लोकांचा नाही. तो स्पॅनिश-पोर्तुगीज वापरातून आला आहे, आणि दक्षिण चिलीच्या जुन्या स्पॅनिशमध्ये तर ‘मलोका’ म्हणजे माणसे पकडून गुलाम करण्यासाठी घातलेला छापा. बारासाना भाषेतला स्वतःचा शब्द ‘वी’ असा आहे आणि त्याचा अर्थ साधा ‘घर’. मुलांना पुरुषांत घेण्याचा जो त्यांचा सर्वांत मोठा विधी, त्याचे नाव ‘हे वी’. यातला ‘हे’ म्हणजे पूर्वजांचे पवित्र जग आणि त्या जगाचा आवाज मानली जाणारी, स्त्रियांच्या दृष्टीस पडू न देण्याची वाद्ये. म्हणजे विधीचेच नाव ‘घर’ आहे. आपण ‘समारंभगृह’ लिहिले तर समारंभ पुढे येतो आणि घर नुसते प्रत्ययापुरते उरते. मूळ शब्दाची घडण नेमकी याच्या उलट आहे. मराठीतही ‘घर’ केवळ भिंतींचे नसते. ‘थोरल्या घरची सून’, ‘घराणे’, ‘मूळ घर’ यांत कूळ आणि वास्तू एकत्र बोलतात. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘मलोका, म्हणजे कुळाचे सामाईक घर’ असा खुलासा करावा आणि पुढे ‘मलोका’ हाच शब्द ठेवावा.

‘घोटुल’ तर अधिकच दिशाभूल करील. बस्तरच्या मुरिया गोंडांत ते अविवाहित मुलामुलींचे ठिकाण असते आणि लग्न झाले की तेथील सदस्यत्व संपते. मलोक्यात विवाहित कुटुंबे नांदतात, आणि बायका रीतीने दुसरी भाषा बोलणाऱ्या गटांतून आलेल्या असल्याने एका छपराखाली दोन-तीन भाषा सहज कानी पडतात. घोटुल हे एका विशिष्ट समाजाच्या संस्थेचे नाव आहे. ते दुसऱ्याच्या संस्थेला लावणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल.

एक सावधगिरी मात्र घ्यावी लागेल. आपला लेख कोणत्या काळाविषयी आहे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलच्या बाजूला सलेशियन या कॅथलिक पंथाच्या मिशनऱ्यांनी मलोके अनैतिक आणि रोगट ठरवून पाडायला लावले आणि लोकांना सुट्या घरांच्या ओळींत बसवले. १९२७ मध्ये त्या भागात फिरलेले मानववंशशास्त्रज्ञ कुर्ट निमुएन्दाजू यांनी याविरुद्ध कळकळीने लिहिले होते, कारण घर मोडले की विधीची जागा आणि कुळाची एकी दोन्ही मोडतात हे त्यांना दिसत होते. आज अनेक गावांत लोक स्वतंत्र घरांत राहतात आणि पुन्हा उभारलेला मलोका सभा, नाच आणि विधी यांसाठी असतो. लेख आजच्या अशा गावाविषयी असेल, तर खुलाशात ‘विधींचे आणि सभेचे सामाईक घर’ असे लिहिणे रास्त होईल. तेथेही ‘घर’ सोडू नये.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

लेख १९०५ च्या सुमाराच्या प्रवासाविषयी आहे, तेव्हा ‘कुळाचे सामाईक घर’ हेच घेतो. स्पॅनिशमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘ती मलोका’ म्हणावे का?

उत्तर

तसे करण्याचे कारण नाही. वाडा, गोठा, सोपा या आकारान्त शब्दांच्या रांगेत तो पुल्लिंगी म्हणून सहज बसतो, आणि सामान्यरूपही त्यांच्याप्रमाणेच होते: तो मलोका, ते मलोके, मलोक्यात, मलोक्यापुढे. ‘मलोकामध्ये’ असे न वाकलेले रूप कानाला परके लागते. ‘पाहुणे संध्याकाळी मलोक्यात शिरले’ हे वाक्य वाचताना कोणी अडखळणार नाही.